विषय: लेबर डेनंतर आई-बाबांना घेऊन समुद्राकाठी कुठे जावं?

नमस्कार मंडळी,

सासूबाई आणि बाबा जुलैत गुहागरहून आलेत, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत इथेच आहेत. नायगरा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन हे सगळं मागच्या खेपेला झालं, आणि बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दिवसभर गाडीत बसणं त्यांना नको वाटतं. लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाला की तीन-चार दिवस समुद्राकाठच्या एखाद्या लहान गावात जावं असं घरात चाललंय, बाबा इतिहासाचे शिक्षक होते त्यामुळे त्यांना जुन्या गोष्टींची फार ओढ, आणि सासूबाईंना समुद्र दिसला आणि बरा मासा मिळाला की झालं. नेटवर इथे बॉस्टनच्या आसपासची न्यूपोर्ट, मिस्टिक, प्रॉव्हिन्सटाउन, केनेबंकपोर्ट अशी इतकी नावं सापडली की रोज एक गाव करावं का असं वाटायला लागलं. वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा.

— वॉल्थमहून

*

न्यूपोर्टला जाच. रेल्वेवाल्या धनाढ्य व्हँडरबिल्ट लोकांचा द ब्रेकर्स हा १८९५ चा बंगला, सत्तर खोल्या, आणि हे लोक त्याला उन्हाळ्यातलं 'कॉटेज' म्हणायचे! बाबांना आवडेल अशी अजून एक जागा तिथे आहे, टूरो सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७६३ चं, अमेरिकेत उभं असलेलं सगळ्यात जुनं सिनेगॉग. क्लिफ वॉक, म्हणजे कड्यावरची पायवाट, साडेतीन मैलांचा आहे पण पूर्ण करू नका, दक्षिणेकडचा भाग नुसता खडकांवरून आहे, गुडघ्याला झेपणार नाही, सुरुवातीचा सपाट तुकडा चालून परत फिरा.

मिस्टिकला चार्ल्स डब्ल्यू मॉर्गन हे १८४१ चं देवमाशांच्या शिकारीचं लाकडी जहाज अजून पाण्यात उभं आहे, वर चढून बघता येतं. एका दिवसात दोन्ही होतात.

— फ्रॅंकलिनहून

*

अगं, मी बेव्हर्लीला राहते आणि हा किनारा मला माहेरासारखा झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगू का, रोज एक गाव हे करूच नकोस. आमच्याकडे भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी दोन्ही तऱ्हांनी फिरताना बघितलंय, आणि जे एकाच गावात चार दिवस राहिले त्यांना पुढे त्या गावातल्या बाकाचं नावसुद्धा सांगता येतं, जे पाच गावं करून आले त्यांच्याकडे फोटो असतात पण कुठला कुठे काढला ते मुलांना विचारावं लागतं. वयस्कर माणसाला सकाळी उठून त्याच रस्त्याने चक्कर मारायची असते, दुसऱ्या दिवशी तोच दुकानदार हात करतो, तिसऱ्या दिवशी कुठे ऊन येतं आणि कुठे वारा लागतो ते कळलेलं असतं, तेव्हा कुठे ती सुट्टी त्यांची होते. हॉटेल बदलायचं, बॅगा भरायच्या, गोळ्यांचे डबे शोधायचे, यातच त्यांचा जीव जातो.

तेव्हा रॉकपोर्टला मुक्काम कर. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनहून कम्युटर रेल थेट जाते, साधारण सव्वा तास, रॉकपोर्ट हे शेवटचं स्टेशन. त्याच लाइनवर सेलम आणि ग्लॉस्टर आहेत, म्हणजे रॉकपोर्टात राहून दोन्ही गावं ट्रेनने होतात, गाडी चालवायची नाही, पार्किंग शोधायचं नाही, आणि वीकेंडला दहा डॉलरच्या पासवर शनिवार-रविवार कितीही फिरा.

रॉकपोर्टात बघायचं काय असं कोणी विचारलं तर खरं म्हणजे फार काही नाही, आणि तेच त्याचं सुख. बेअरस्किन नेक नावाची चिंचोळी जिभेसारखी गल्ली समुद्रात शिरते, दोन्ही बाजूंना जुन्या मच्छीमारांच्या झोपड्यांची आता दुकानं झालीत, टोकाला दगडांवर बसायला जागा. बंदरात ती लाल शेड आहे, मोटिफ नंबर वन, चित्रकारांनी इतक्या वेळा रंगवली म्हणून हे नाव पडलं, मूळची १९७८ च्या हिमवादळात वाहून गेली आणि गावाने हुबेहूब तशीच परत बांधली. बाबांना हॅना जंपरची गोष्ट सांग, १८५६ मध्ये ही बाई, वय पंच्याहत्तर, गावातल्या बायकांना घेऊन कुऱ्हाडी हातात धरून निघाली आणि दारूची पिंपं फोडली. त्यानंतर गाव जवळजवळ दीडशे वर्षं कोरडंच राहिलं.

हॅलिबट पॉइंट गावाच्या उत्तरेला आहे, तिथे मात्र टॅक्सी करावी लागेल. ग्रॅनाइटची जुनी खाण आता गोड्या पाण्याने भरलीये आणि तिच्या पलीकडे लगेच अटलांटिक. बाबांनी खाणीपर्यंतच जावं, खालच्या खडकांवर उतरायला नको.

ग्लॉस्टरला एक सकाळ पुरते, पण चुकवू नका. धक्क्याजवळ सुकाणू धरलेल्या खलाशाचा पुतळा आहे, १९२५ चा, आणि त्याच्याभोवती समुद्रात गेलेल्या मच्छीमारांची नावं कोरलीत, पाच हजारांच्या वर. तिथून चालत थोडं पुढे २००१ साली बसवलेला दुसरा पुतळा आहे, कडेवर एक आणि बाजूला एक मूल घेऊन समुद्राकडे बघत उभी असलेली बाई. ती मच्छीमारांच्या बायकांसाठी आहे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळणी समुद्राला नारळ कशासाठी वाहतात हे ज्या सासूबाईंना माहीत आहे त्यांना तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि सेलम. लोक सेलमला १६९२ च्या चेटकिणींच्या खटल्यांसाठी जातात, एकोणीस निरपराध माणसांना फाशी दिलं आणि एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं, त्याचं छोटं स्मारक आहे, दगडी बाकांचं, ते जरूर बघा, पण त्या नावाने जी टोप्या-झाडूंची दुकानं लागलीत ती सोडून द्या. मला सेलम आवडतं ते बंदर म्हणून. इथून जहाजं सुमात्राला मिऱ्यांसाठी आणि कलकत्त्याला कापडासाठी जायची, आणि १७९९ मध्ये त्या कप्तानांनी ईस्ट इंडिया मरीन सोसायटी काढली, अट अशी की केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घालून आलेल्यालाच सभासद करून घ्यायचं. येताना जे काय आणलं ते सगळं त्यांनी एका जागी जमवलं, त्यातून आजचं पीबॉडी एसेक्स म्युझियम झालं. इथेच हर्विट्झ जोडप्याने जमवलेला आधुनिक भारतीय चित्रांचा मोठा संग्रह आहे, त्यात पंढरपुरात जन्मलेले हुसेन आहेत, मात्र त्या वेळी कुठली चित्रं भिंतीवर लावलीत ते आधी वेबसाइटवर बघून घे. आणि यिन यू तांग चुकवायचं नाही, चीनमधलं दोनशे वर्षांचं व्यापाऱ्याचं घर, तुळई न् तुळई सोडवून आणून इथे परत उभं केलंय, मधोमध चौक, चहूबाजूंनी खोल्या, आत शिरलं की आपल्याकडच्या चौसोपी वाड्यात आल्यासारखं वाटतं.

बाहेर पडलात की डर्बी व्हार्फवर जा, लांबच लांब सपाट धक्का, टोकाला छोटं दीपगृह, गुडघ्याला अजिबात त्रास नाही.

एकच सांगणं, सेलम सप्टेंबरातच करा. ऑक्टोबर लागला की हॅलोविनची इतकी गर्दी होते की फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते.

— बेव्हर्लीची काकू

*

काकूंचं एका गावात राहण्याचं अगदी पटलं, पण मी न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथचं नाव मध्ये टाकतो. बाबा इतिहासाचे शिक्षक असतील तर तिथल्या स्ट्रॉबेरी बँकसारखी, म्हणजे जुन्या घरांच्या खुल्या म्युझियमसारखी जागा नाही. १९५० च्या दशकात हा अख्खा मोहल्ला पाडायचं ठरलं होतं, गावकऱ्यांनी तो वाचवला, आता घरांमध्ये वेगवेगळा काळ मांडलाय, एका घराचा अर्धा भाग १७९० च्या दशकातला आणि अर्धा १९५० च्या दशकातला, मधे एक भिंत. दुसरीकडे महायुद्धाच्या काळातलं किराणा दुकान आहे, रेशनिंगसकट. आमचे बाबा तिथल्या म्हातारबुवांशी रेशन कार्डावर तासभर बोलत बसले होते, दोघांचं इंग्लिश वेगळं पण विषय एकच.

तिथून अर्ध्या तासावर मेनमध्ये यॉर्कचं नबल लाइटहाऊस आहे, १८७९ चं, बेटावर आहे आणि अलीकडच्या पार्किंगमधून गाडीत बसल्या बसल्या समोर दिसतं. न्यूपोर्टच्या बंगल्यांबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. एक बंगला बघितला की पुढचे सगळे सोनेरी छताखाली मान वर करून चालणं आहे, आणि वयस्कर माणसांना ते जड जातं.

— नॅशुआहून

*

मान दुखते हे खरं. पण न्यूपोर्टचं बंदर आणि तिथली संध्याकाळ तरी मान्य करा!

— फ्रॅंकलिनहून

*

ताई, माशांचं मी सांगते, आम्ही मालवणचे. हॉटेलपेक्षा किचन असलेलं घर घे, त्यात सगळं आलं. रेस्टॉरंटमध्ये कॉड, हॅडॉक तळून देतात, ताजं असतं पण सासूबाईंना दुसऱ्या दिवशी फिकं वाटायला लागेल. ग्लॉस्टर हे चालू मासेमारीचं बंदर आहे, तिथल्या मासळीच्या दुकानात जाऊन त्यांना स्वतःला निवडू दे, हीच त्यांची सहल. इथला मॅकरेल आपल्या बांगड्याच्या जवळचा, मिळाला तर सोडू नका, तिरफळ आणि आमसुलं घरून बांधून न्या आणि तिखलं करा. कॉड कालवणात घालू नका, लगेच मोडतो, त्यापेक्षा मंकफिश घ्या, तुकडा घट्ट राहतो. तिसऱ्या म्हणून स्टीमर्स आणल्या तर मिठाच्या पाण्यात बराच वेळ ठेवा, वाळू फार असते. शेवंड म्हणजे लॉबस्टर तर तिथे सगळीकडे आहे, दुकानवाले उकडूनही देतात.

क्लॅम चावडर, म्हणजे शिंपल्यांचं दाट सूप, मागवताना विचारून घ्या, पुष्कळ ठिकाणी त्यात पोर्क असतं.

— क्विन्सीहून

*

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री जेवताना सगळे मेल मोठ्याने वाचून दाखवले. रॉकपोर्ट पक्कं केलंय, चार रात्री, किचन असलेलं घर, आणि एक दिवस भाड्याची गाडी घेऊन पोर्ट्समथ आणि नबल. न्यूपोर्ट पुढच्या वेळी, मुलांना घेऊन.

आता बाबांचा एक प्रश्न आहे. ते म्हणतात ग्लॉस्टरच्या गुड हार्बर बीचवरून ओहोटीला चालत समोरच्या बेटापर्यंत जाता येतं असं वाचलं, तर ओहोटी कधी ते गुहागरच्या हिशोबाने काढता येईल का? तिथे तिथीला तीनने गुणून चारने भागलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते.

— वॉल्थमहून

*

बाबांना माझा नमस्कार सांग. हिशोब इथेही बऱ्यापैकी लागू पडतो! बॉस्टनच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी आणि रात्री बाराच्या सुमारास असते, कोकणातल्यासारखीच, आणि रोज ती पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. तासाभराचा फरक धरायचा. म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला दुपारी बाराला ओहोटी सापडेल, त्या हिशोबाने दिवस निवडा.

पण पाणी इथे जवळजवळ दहा फूट चढतं-उतरतं, कोकणापेक्षा बरंच जास्त, आणि परत फिरतं तेव्हा भराभर भरतं, म्हणून बेटाकडे पाऊल टाकण्याआधी त्या दिवसाचं छापील टाइड टेबल बघायचंच, बाबांनी पंचांग आणि टेबल दोन्ही घेऊन बसावं आणि ताडून बघावं. बेटावर चढायला नको, वाळूवरूनच परत फिरा. पाणी सप्टेंबरातही गार असतं, सासूबाईंना पाय बुडवायचे असतील तर कोरडे मोजे बरोबर ठेव. आणि ज्या दिवशी सेलमला उतराल त्या दिवशी मला फोन कर, मी बेव्हर्लीहून एका स्टेशनवर तर आहे, दुपारचं जेवण माझ्याकडे.

— काकू