सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर: सील, रिंग की टर्बो?

वडाळा_टर्मिनल: बीएस-३ (जुन्या प्रदूषण नियमांचा) डिझेल ट्रक, सहा सिलिंडर, टर्बो, साडेसहा लाख किमी. रात्रभर उभा राहिला की सकाळी सेल्फ मारल्यावर मिनिटभर निळा धूर, मग साफ. पिकअप ठीक. हजार किमीला अर्धा लिटर ऑइल टाकावं लागतं. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोला. खोलू का?

हेड_व्हॉल्व्ह: इतक्यात नको. पहिला संशय व्हॉल्व्ह स्टेम सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या ऑइल सीलवर. गाडी उभी असताना हेडमधलं (सिलिंडरवरच्या भागातलं) ऑइल गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीतून, खाली झिरपतं आणि पहिल्या स्टार्टला जळतं. पिस्टनच्या रिंग गेल्या असत्या तर लोडवरही धूर दिसला असता. सील हेड न उतरवता बदलता येतात. पिस्टन टॉपला आणा, मग स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. तेव्हाच व्हॉल्व्ह बोटाने हलवून बघा. गाइडमध्ये खडखड असेल तर नवं सील टिकणार नाही, मग हेड उतरवाच.

डिझेलवाला: घाट उतरून अ‍ॅक्सिलरेटर द्या, धूर बघा, असं कोणीतरी सांगेलच. ती पेट्रोलची टेस्ट. डिझेलला सहसा थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसतो, त्यामुळे ऑइल आत ओढणारा तसा व्हॅक्यूम होत नाही. त्यापेक्षा गरम इंजिन आयडलला ठेवून ऑइल फिलरचं झाकण सैल करा. जोरात भपके आले तर रिंग-लायनर (लायनर म्हणजे सिलिंडरची आतली नळी) झिजलेत. टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइपही काढा. आत ओलसरपणा चालतो, ऑइल साचलेलं चालत नाही. तसं असेल तर टर्बो बघा.

कुर्ला_गॅरेज: धूर पांढरा आणि डोळे चुरचुरत असतील तर इंजेक्टर (डिझेल फवारणारा) टपकतोय. थंडीतही पांढरा धूर येतो, पण मुंबईत थंडीला दोष देऊ नका. पांढरा धूर आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलंय.