अनोळखी पूल हॉलमध्ये "काहीतरी लावून खेळू" म्हणणाऱ्याला न दुखवता कसं टाळायचं?

फिरता_क्यू
कामामुळे सारखं फिरणं असतं, त्यामुळे संध्याकाळी जिथे असेन तिथला पूल हॉल शोधायचा आणि तासभर एकट्याने खेळायचं ही सवय. परवा एका नव्या ठिकाणी ड्रॉ शॉट (धडकेनंतर पांढरा बॉल मागे परत आणायचा फटका) घोटत होतो, पंधरा मिनिटंही झाली नसतील, एक काका शेजारी येऊन उभे, "हात छान आहे हो तुमचा, होऊन जाऊ दे एक गेम". म्हटलं चला. दोन गेम झाले, दोन्ही मीच जिंकलो, आणि मग तिसऱ्याला "नुसतं काय खेळायचं, थोडं लावू की". मी म्हटलं पाकीट नाही आणलं, तर म्हणे मोबाईलवरून पाठवा. झालं, बोलतीच बंद! शेवटी फोन आल्याचं नाटक करून बाहेर पडलो, भरलेल्या तासातली वीस मिनिटं तशीच गेली. मला पैसे लावून खेळायचं नाहीये पण तिथे परत जायचंय, टेबलं मस्त आहेत. नेमकं बोलायचं काय?

जुना_खेळाडू
कारण देऊ नका. पाकीट नाही म्हटलं की मोबाईल, वेळ नाही म्हटलं की "एकच गेम", प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे तोड असते कारण ते हेच रोज ऐकतात. "मी पैसे लावून खेळत नाही" एवढंच, हसून, आणि लगेच खाली वाकून पुढचा शॉट. तेही पहिल्या गेमच्या आधीच बोला, दोन जिंकून झाल्यावर नाही म्हणणं जड जातं आणि ते दोन गेम तुम्हाला त्याचसाठी दिले होते बहुतेक. समोरचा चुकतो तेव्हा चुकलेल्या बॉलकडे बघू नका, पांढरा बॉल कुठे थांबला ते बघा. बॉल पॉकेटच्या तोंडाशी अडकला आणि पांढरा मात्र बरोबर दुसऱ्या बॉलमागे लपून बसला, असं तीनदा झालं तर तो चुकत नाहीये, मुद्दाम करतोय. नवखा चुकतो तेव्हा पांढरा कुठेही भटकतो.

रॅकवाली
वरचं पटलं. माझी भर एवढीच की पूर्ण रॅक लावून (सगळे बॉल एकत्र रचून) ब्रेक करत, म्हणजे फोडत बसू नका, लांबून बघणाऱ्याला वाटतं हा जोडीदार शोधतोय. दोन-तीनच बॉल ठेवा, तेच तेच परत मांडा. मी फाईलच्या कागदाच्या भोकांना लावतात ना त्या गोल चिकट रिंगा घेऊन जाते (काउंटरवर विचारून मगच कापडाला लावायच्या), बॉल दरवेळी नेमका त्याच जागी बसतो आणि ते बघूनच अर्धे लोक मागे फिरतात, इतकं कंटाळवाणं दिसतं 😄

गेमच खेळायचा असेल तर घोस्टशी, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी खेळा. नाईन बॉलचा (नऊ बॉलचा गेम, ९ नंबरचा घालणारा जिंकतो) ब्रेक करा, मग पांढरा हवा तिथे ठेवा, १ ते ९ क्रमाने घाला, एक जरी चुकला तरी रॅक घोस्टचा. कोणी आलं की "माझी मॅच चालू आहे, ७ रॅकपर्यंत". खोटं नाही बोलावं लागत. किंवा स्ट्रेट पूल (कुठलाही बॉल घाला, प्रत्येकाचा एक गुण) खेळून रन, म्हणजे न चुकता सलग किती बॉल घातले ते मोजत बसा, १४ बॉल घातले की पंधरावा ठेवून परत रॅक. अमेरिकन खेळाडू विली मोस्कोनीचा १९५४ चा ५२६ चा विक्रमी रन २०१९ पर्यंत टिकला, त्यामानाने माझा १९ वर अडकलाय हे सांगितलं की कोणालाच माझ्यावर पैसे लावावेसे वाटत नाहीत.

बँकशॉट
एवढं काय घाबरायचं? हरेल त्याने टेबलचे पैसे द्यायचे, एवढं तर सगळेच करतात. चांगल्या माणसाकडून हरणं ही फीच समजा.

जुना_खेळाडू
@बँकशॉट मित्रांमध्ये ठीक आहे हो. अनोळखी माणसाबरोबर मात्र तिथूनच सुरुवात होते, टेबलचे पैसे, मग डबल, मग "तुम्हाला सवलत देतो, तुम्ही आठ घातला तरी जिंकलात, मला नऊच लागेल". ऐकायला केवढी मोठी वाटते, पण त्याला तुमचा खेळ कळलेला असतो आणि त्याचा तुम्हाला नाही, मग ती सवलत कोणाच्या सोयीची? आणि शिकायचंच असेल तर सरळ सांगून फी द्या, निदान काय चुकलं ते तरी कळेल.

रॅकवाली
आणि हो, "घाबरलात का?" विचारलंच तर "हो" म्हणायचं. पुढे बोलायला काही उरतच नाही. जुगार वगैरे शब्द काढायचे नाहीत, त्याला चारचौघात लबाड ठरवायचं नाही, त्याचं रोजचं ठिकाण आहे ते. गेल्या गेल्या काउंटरवर सांगून ठेवा की प्रॅक्टिसला आलोय, साधं खेळणारं कोणी असेल तर पाठवा. कोण कसा आहे ते त्यांना पक्कं माहीत असतं.

फिरता_क्यू
काल परत गेलो. काका होतेच. मी आधीच म्हटलं, "काका, मी पैसे लावून नाही खेळत". "बरं" म्हणाले आणि पलीकडच्या टेबलावर गेले, मी उगाच आठवडाभर डोकं पिकवलं. निघताना मात्र येऊन म्हणाले, तुमचा ड्रॉ येत नाही कारण मारताना कोपर खाली पडतं, त्यामुळे टीप (क्यूचं टोक) वर उचलली जाते आणि पांढऱ्याला मधोमध लागते. करून बघितलं, पांढरा सरळ मागे आला. आता हे फुकट शिकवणं होतं की पुढच्या वेळची तयारी, देव जाणे.