जुनं स्वयंपाकघर, थोडे पैसे आणि पुन्हा जुनाच थाट: तुमचे अनुभव सांगा

ओट्यापाशी:
मागच्या महिन्यात सिलिंडर बदलताना आईच्या फडताळाचं दार पहिल्यांदा सताड उघडलं. नाहीतर मधे ट्रॉली यायची. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, 'सिलिंडर लावला १४/३/८७'. त्याखाली पुढची तारीख, मग पुढची, थेट १९९४ पर्यंत. मधल्या दोनच तारखा बाबांच्या अक्षरात आहेत, तेव्हा आई मावशीच्या बाळंतपणाला गेली होती. मी तिथेच खाली बसले.

डोंबिवलीचा १९८४ चा फ्लॅट, स्वयंपाकघर जेमतेम आठ बाय सात. सगळं काढून मॉड्युलर करायचं ठरत आलं होतं, दोन लाख चाळीस हजार सांगितले होते. ते रद्द केलं. हातात पंचवीस हजार होते, त्यात आईच्या वेळचं स्वयंपाकघर परत आणायचं असं ठरवलं.

२००३ मध्ये बसवलेल्या सनमायकाच्या ट्रॉल्या भुसा होऊन गळत होत्या, त्या आधी काढल्या. ओट्याखाली आता पांढऱ्या कापडाचा पडदा आहे, स्प्रिंगवर, तेव्हा असायचा तसाच. कडाप्पा घासून कोरडा केला आणि अळशीच्या तेलाचा हात दिला, काळाभोर झाला. सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाइल्स तशाच ठेवल्या, फक्त सांधे खरवडून पांढरं सिमेंट भरलं. मोझॅकला मशीनने पॉलिश केलं. पंधरा वर्षं मळकट वाटणाऱ्या त्या फरशीत हिरव्या आणि विटकरी चिपा होत्या हे मी विसरूनच गेले होते. माळ्यावरची स्टीलची मांडणी खाली उतरवली. फडताळाला बाहेरून पिस्ता ऑइल पेंट. सगळे मिळून एकोणीस हजार सहाशे झाले, त्यात सगळ्यात जास्त पॉलिशचे.

दार आतून तसंच ठेवलंय.

तुम्ही कोणी असं केलंय का? काय ठेवलंत, काय काढलंत, कुठे चुकलं, सगळं लिहा.

भाकरतुकडा:
बाबांच्या अक्षरातल्या दोन तारखा 😢 आमच्याकडे हे सगळं कॅलेंडरवर असायचं. दुधाचे खाडे, सिलिंडर, कामवाल्या मावशींची सुट्टी. वर्ष संपलं की कॅलेंडर वह्यांच्या कव्हरांना. एकही राहिलं नाही.

केळफूल:
मोझॅकवर ॲसिड टाकू नका. मी टाकलंय. डाग जावेत म्हणून बाथरूमची बाटली ओतली. ती फरशी म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेल्या संगमरवराच्या चिपा, दोन्ही ॲसिडने खातात. फसफसलं आणि तेवढा भाग खडबडीत झाला, अजून पायाला लागतो. साबण, गरम पाणी आणि ब्रश, एवढंच. बाकी पॉलिशवाल्यावर सोडा.

रविवारचा_बाजार:
पुण्यात असाल तर जुन्या बाजारात जा, बुधवारी आणि रविवारी भरतो. मला फडताळासाठी पितळी कड्या, मुठी आणि एक रेघांच्या काचेचा जुना दरवाजा मिळाला. काच काढून कपाटाला बसवली. सकाळी लवकर जा आणि माप लिहून न्या. मी एकदा डोळ्याने अंदाज घेतला, अर्ध्या इंचाने काच लहान निघाली.

सुगरण_पक्षी:
@रविवारचा_बाजार दादा, कड्या किती इंची घेतल्यात? आमच्या दारांना आधीची भोकं आहेत.

रविवारचा_बाजार:
तीन इंची. जुनी भोकं लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून बुजवा, रात्रभर वाळू द्या, मग घासा.

माहेर_राजापूर:
आमच्या घरी लाल कोबा होता. काकाने त्यावर टाइल्स घातल्या, चकचकीत. पहिल्याच पावसात आजी घसरली. मागच्या वर्षी माझ्या भावाने एका खोलीतल्या टाइल्स काढल्या तर खाली कोबा शाबूत! टवके गेले होते तिथे सिमेंटात लाल ऑक्साइड कालवून भरलं. रंग जुळत नाही, ठिगळं दिसतात, पण मे महिन्यात त्यावर नुसतं पडून राहायचं सुख काय सांगू. आंबे पण तिथेच पिकायला घालतो. यंदा आमच्याकडे आंबा उशिरा आला, तुमच्याकडे?

भाकरतुकडा:
आमच्याकडे पण उशिरा. आणि महाग.

दूरदेशी:
न्यू जर्सीतून लिहितेय. आमचं घर १९५६ चं, स्वयंपाकघरात गुलाबी टाइल्स आणि लोखंडी कपाटं. सगळे म्हणाले फोडा. मी दारं काढून गॅरेजमध्ये धुतली, बिजागऱ्यांना तेल घातलं आणि ठेवली. इथे लोक अशी कपाटं शोधत फिरतात.
पण एक महत्त्वाचं. @ओट्यापाशी ताई, तुम्ही फडताळ घासलंत का? जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, विषारी असतं ते. इथे घरांच्या रंगात त्यावर १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीच्या घरात रंग कोरडा घासायचाच नाही असं सांगतात. भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग शिसं) मर्यादा घालणारा नियम २०१६ चा आहे, म्हणजे तुमचा १९८४ चा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. घरात लहान मुलं असतील तर जास्त जपा.

ओट्यापाशी:
ताई, बरं झालं लिहिलंत. बाहेरची बाजू कोरडीच घासली हो मी, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने, आणि धूळ झाडूने काढली. भाची सहा वर्षांची आहे, शनिवारी येते. आता काय करू?

दूरदेशी:
झाडू नको. ओल्या फडक्याने दोनदा पुसा, फडकं टाकून द्या. मांडणी, डबे, खालचा कोपरा, सगळं. पुढच्या वेळी पाणी मारून ओलंच घासा, तोंडाला मास्क. रंगाचे पोपडे निघत नसतील तर न घासता वरून रंगवलेलं बरं.

ओट्यापाशी:
आत्ताच पुसायला घेते.

केळफूल:
हे मलाही माहीत नव्हतं. आईला फोन करते, तिने खिडक्या घासायला माणूस बोलावलाय उद्या.

भाड्याचं_घर:
आम्ही भाड्याने राहतो, खिळा मारायलाही विचारावं लागतं. सासूबाईंच्या चिनी मातीच्या बरण्या, दोन पितळी डबे आणि एक पाट, एवढंच मांडलंय खिडकीत. सातशे रुपयांत खिडकीला पोपटी चौकडीचा पडदा. बरणी पुसायला मिस्टरांना दिली की आतलं लोणचं कमी होतं 😄

सुगरण_पक्षी:
😄😄 आमच्याकडे पण तोच पुसणारा

आठवणींचा_माळा:
मी आई गेल्यावर तीन महिन्यांत स्वयंपाकघर फोडलं. बघवत नव्हतं. पाटा भंगारवाल्याने पण घेतला नाही, तो खालच्या माळीकाकांनी झाडाच्या आळ्याशी ठेवला. काल हा धागा वाचून खाली जाऊन बघून आले. आहे अजून. मधला खोलगट भाग तसाच गुळगुळीत.

भाकरतुकडा:
वर आणा तो. ओट्यावर नाही तर गॅलरीत ठेवा.

आठवणींचा_माळा:
जड आहे, भाऊ येणारे रविवारी.

माहेर_राजापूर:
@ओट्यापाशी नव्या सिलिंडरची तारीख लिहिलीत का दारावर?

ओट्यापाशी:
लिहिली. जागा थोडी आहे, बारीक अक्षरात लिहावं लागेल.

भाड्याचं_घर:
पितळी डबे आतून काळे पडलेत, कल्हई करायचीय. ठाण्यात कोणी करतं का अजून?

रविवारचा_बाजार:
पुण्यात तांबट आळीत विचारता येईल. कोरडं पीठ ठेवणार असाल तर घाई नाही. आंबट ठेवायचं असेल तर कल्हईशिवाय नकोच.

केळफूल:
ठाण्यात आमच्याकडे एक काका येतात सायकलवर. गेटपाशीच भट्टी लावतात. नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाची कांडी फिरवून कापसाने एक हात मारतात की डबा आतून चांदीसारखा. पोरं शाळेची बस सोडून बघत बसतात. पण दोन डब्यांसाठी थांबत नाहीत ते, निदान दहा-बारा भांडी हवीत.

भाड्याचं_घर:
माझे दोन डबे आणि एक पातेलं.

सुगरण_पक्षी:
माझी परात धरा. आणि दोन तांब्याचे गडू, त्यांना लागते का कल्हई?

केळफूल:
पाण्याच्या गडूंना नको, चिंच-मिठाने घासा. परात आणा. सात भांडी अजून हवीत, कोणाकडे आहेत?