अनुभव धागा: आपलं छोटं ठेसन आणि तिथं थांबणारी गाडी

रानवाट
परवा धारवाडहून पुण्याला वंदे भारतनं निघालो. लोंढा मागं पडलं तेव्हा बाहेर नुकतं फटफटत होतं. मी मुद्दाम खिडकीला नाक लावून बसलेलो, कारण पुढं आमचं ठेसन येणार होतं. आलं आणि गेलं. पाटीवरची अक्षरं जुळवेपर्यंत आंब्याचं झाड गेलं, झाड ओळखेपर्यंत गेट गेलं. शेजारच्या सायबांनी विचारलं, काय राहिलं काय तुमचं? म्हटलं, गाव राहिलं.

नाव सांगत नाही, खानापूर तालुक्यातलं धरा. मीटरगेजच्या (मीटरभर रुंद रुळांच्या) काळात तिथं पॅसेंजर थांबायची. पुठ्ठ्याचं तिकीट, मास्तर ते लोखंडी यंत्रात सारून खटाक करायचे की तारीख उमटायची. शिंगलचा हात पडला की आज्जी फणसाची पाटी डोक्यावर घ्यायची. फणस, करवंदं, कधी नुसत्या पत्रावळी, सगळं बेळगावच्या बाजारात. पावसात फलाटावर छप्पर म्हणून नाही. बायका इरली घेऊन मास्तरांच्या खोलीच्या वळचणीला आणि आम्ही पोरं त्यांच्या इरल्यात.

आज्जी दुसरी शिकलेली. पाटीवर कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा तीन ओळी. मधली वाचून दाखवायची आणि म्हणायची, बघ, आपल्यासाठी मराठीत लिवलंय. ती हिंदी आहे हे सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

तर तुमचं ठेसन कुठलं? घाईत लिहिलंत तरी चालेल, मी पण कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहितोय.

कुंदाप्रेमी
पयला नंबर माझा! जागा धरून ठेवा, गॅसवर दूध हाय. आलोच.

मीटरगेज
वडील पॉइंट्समन (रुळाचे सांधे बदलणारे) होते, या लायनीवरच्या चार ठेसनांत नोकरी झाली. संध्याकाळी शिंगलच्या दिव्यात रॉकेल घालायला जायचे, मी मागनं वात घेऊन.

गोळ्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो. एकेरी लाइन. दोन ठेसनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी पाहिजे. म्हणून लोखंडी गोळा. तो वेताच्या मोठ्या कड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरला द्यायचा. गोळा हातात असेल तरच पुढं जायचं, आणि पुढच्या ठेसनला तो परत यंत्रात पडल्याशिवाय दुसरा निघत नाही. न थांबणारी गाडी असली तर वडील कडं उंच धरून उभे राहायचे, ड्रायव्हर चालत्या इंजनातून दंडात अडकवून घ्यायचा. जुना गोळा फेकायचा तो कुठं पडेल नेम नाही. पावसात झुडपात शोधत बसायचं काम माझं.

आणि रानवाट, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या ठेसनला गाडी तुमच्यासाठी थांबत नव्हती. पॅसेंजर थांबायची ती ठीक. पण एक्स्प्रेससुद्धा अर्धा अर्धा तास उभी राहायची ती समोरच्या गाडीला वाट द्यायला. तेवढ्यात लोक चढायचे उतरायचे. आता लाइन दुहेरी झाली, क्रॉसिंगच राहिलं नाही. मग कशाला थांबंल?

रानवाट
@मीटरगेज हे आज्जी गेल्यावर कळलं ते बरं झालं. ती म्हणायची मास्तर आपली पाटी बघून गाडी थांबवतात.

शेडबाळची सून
माहेर सांगली. लग्नानंतर पहिल्यांदा एकटी पॅसेंजरनं शेडबाळला निघाले. विजयनगर गेलं आणि समोरच्या आज्जीनं विचारलं "ऊटा आयता?" मला कन्नड शून्य. मला वाटलं "उठा" म्हणत्यात, जागा पायजे असंल. उठून उभी राहिले. त्या घाबरल्या, मला परत बसवलं. परत थोड्या वेळानं तेच. परत उभी. शेवटी शेजारच्या मामांनी सांगितलं, बाई, जेवलीस का विचारूलाल्यात त्या. मग त्यांनी फडक्यातनं कडक भाकरी न् शेंगाचटणी काढली. आजपण घरात कोणी ऊटा आयता म्हटलं की मालक मला म्हणतात, उठ.

घटप्रभाकाठ
😂😂 उभ्या राहिल्या म्हणे

आमच्याकडचा नियम ऐका. ठेसनाच्या नावात "रोड" असला तर गाव तिथं नसतंय. गोकाक रोडला गोकाक नाही. चिकोडी रोडला चिकोडी तर लईच लांब. आमचे पुण्याचे पाव्हणे चिकोडीच्या लग्नाला म्हणून रात्री चिकोडी रोडला उतरले. दोन दिवे आणि एक कुत्रं. पाव्हण्यांनी कुत्र्याला विचारलं असंल कार्यालय कुठं. पहाटे दुधाच्या टेंपोतनं कॅनवर बसून आले, कोटाला दुधाचा वास, अक्षता पडल्यावर पोचले. त्यांच्यापुढं आजपण रोड शब्द काढायचा नाही.

तिसरंगेट
खेडं नाही पण सांगतो. टिळकवाडीत पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. शाळेला उशीर झाला की एकच उत्तर, "सर, गेट पडलंतं." सरांना खरं खोटं कळायचं नाही कारण ते स्वतः त्याच गेटात अडकून आलेले असायचे. आता तिसऱ्या गेटला पूल झाला. हल्लीच्या पोरांनी काय सांगायचं बापडे.

पासवाली
सगळे गोड गोड लिवूलालेत म्हणून मी पण लिहिते. तीन वर्षं पासवर बेळगावला कॉलेज केलं. आमच्या ठेसनला संडासाला कायम कुलूप. किल्ली मागितली की "बघतो". गाडी दोन तास उशिरा, मग काय करायचं? सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. आम्ही चौघी जणी मिळून गोडाऊनच्या मागं जायचो, एकीनं राखण करायची. तिसऱ्या वर्षी मूतखड्यानं ॲडमिट झाले. डॉक्टर म्हणाले पाणी पीत जा. त्यांना काय सांगू. फलाट बैठा, ब्रॉडगेजचे (रुंद रुळांचे) डबे उंच, साडी नेसलेल्या बायकांना वर ओढून घ्यायला दारात एक जण ठेवलेलाच. ती दारातली बहुतेक मीच.

शेडबाळची सून
@पासवाली अगं हो गं. हे कोणी लिहीतच नाही. जिरं-धण्याचं पाणी घेत जा.

पासवाली
घेते ताई. आता बरी आहे. आता स्कूटी आहे 😀

पंढरीची_वाट
मिरज जंक्शनबद्दल लिहिल्याशिवाय धागा पुरा होत नाही. एका ठेसनात तीन रुंदींचे रूळ होते. पुण्या-कोल्हापूरकडं ब्रॉडगेज, आपल्याकडं मीटरगेज आणि पंढरपूरला सगळ्यात अरुंद नॅरोगेज, बार्शी लाइट म्हणायचे ती. खानापूरहून आमची दिंडी मीटरगेजनं मिरजेला उतरायची, रात्र फलाटावर भजनात काढायची आणि सकाळी छोट्या गाडीत. ती इतकी हळू की आमचे काका उतरून तंबाखू मागून परत त्याच डब्यात चढले होते. थाप वाटंल पण मी बघितलंय. पुढं आपली मीटरगेज नव्वदच्या दशकात गेली आणि ती छोटी त्याच्याही नंतर.

तंबोरा
मिरज निघालंच आहे तर. तंबोरे-सतारी मिरजेच्याच. 1987 ला तिथनं तंबोरा घेतला, जनरल डब्यात चढलो. भोपळ्याला धक्का नको म्हणून आईच्या गोधडीत गुंडाळून मांडीवर आडवा. कुडचीपर्यंत डबा गप्प. मग एक आज्जी हळूच म्हणाली, "लेकरू किती दिसांचं?" गोधडी सरकवून खुंट्या दाखवल्या तर ती जास्तच घाबरली. पुढं चिंचलीला मायाक्काच्या जत्रेची गर्दी आत घुसली, माघातली पुनव होती हे मी विसरलेलो. भंडारा उधळला, तंबोरा पिवळा. अजून खुंट्यांच्या फटीत पिवळं आहे, पुसलं नाही.

थोडं अवांतर. किराणा गायकी या लायनीवरच वाढली असं मी म्हणतो. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, हुबळीच्या पुढं. आणि खाँसाहेब गेले ते पण 1937 साली, तिकडं मद्रासजवळच्या एका छोट्या ठेसनावर, प्रवासातच.

तिसरंगेट
@तंबोरा लेकरू 🤣🤣 ऑफिसात हसायला लागलो, साहेब बघूलालाय

पावसाळी_पाय
मिरज–कॅसलरॉक गाडीनं जाऊन तिथनं रुळारुळानं दूधसागरला चालत गेलं तर चालतंय काय? रविवारी पाच जण आहोत.

मीटरगेज
@पावसाळी_पाय अजिबात नको. 2023 च्या जुलैत असेच गेलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. शिक्षेचं सोडा, तो घाट साधा नाही. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. मागनं जादा इंजनं लावून गाडी ढकलत आणतात. बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा मिळंलच असं नाही.

पावसाळी_पाय
बरं. मग गोकाकचा धबधबा.

घटप्रभाकाठ
या की. घटप्रभेला उतरा, रोडला नको 😄 गोकाकची करदंट मिठाई घेऊन जा.

तिसरंगेट
कॅसलरॉकवरनं आठवलं. 1961 च्या आधी तिथं सरहद्द होती, पलीकडं पोर्तुगीज. आजोबा लग्नाच्या सामानाला गोव्यात गेलेले. येताना कॅसलरॉकला कस्टमवाल्यांनी पेटी उघडली. आजोबांनी अंगात तीन सदरे घातलेले, मे महिना. कस्टमवाला म्हणाला, काका, थंडी वाजूलालीय काय? तीन सदरे घालूनच घरी पोचले.

घटप्रभाकाठ
आता कोण तरी सीमाप्रश्न काढणार बघा.

रानवाट
नको हो. त्याला वेगळा धागा आहे, तिथं आधीच हजार प्रतिसाद आहेत.

भाजीची_पाटी
आई लोंढ्याहून गोव्याला भाजी न्यायची. कोरोनात गाड्या बंद, मग सुरू झाल्या त्या एक्स्प्रेस म्हणून, दहाचं तिकीट तीस. भाजीत सुटायचे किती? 2024 ला परत दहा झालं तोवर आईनं धंदा सोडलेला. आता घरासमोर विकते. तिला अजून पहाटे तीनला जाग येते.

कुंदाप्रेमी
दूध उतू गेलं. बायकोनं फोन काढून घेतला होता. मी काय लिवणार होतो ते विसरलो. तुमचं चालू दे.

मीटरगेज
@रानवाट एक विचारायचं राहिलं. ते आंब्याचं झाड म्हणालात. त्याला पार होता काय, एका बाजूनं फुटलेला? गेटच्या अलीकडं?

रानवाट
होय गा! फुटक्या पारावर एक पॉइंट्समन दुपारी डोक्याखाली हिरवा बावटा घेऊन झोपायचे. मिशा अशा मोठ्या.

मीटरगेज
वडीलच.

रानवाट
अरे बापरे. त्यांनी मला एकदा कानफटात मारलेली. मालगाडी उभी असताना डब्याखालून पलीकडं गेलो म्हणून.

मीटरगेज
मारली असंल. मला पण मारायचे, त्याच कारणासाठी. तुम्ही कितवीत होता तेव्हा?

रानवाट
चौथीत. तुम्ही गोळा शोधणारा बारका पोरगा काय? चड्डीला सुतळी बांधलेला?

मीटरगेज
फोन नंबर व्यनि (खासगी निरोप) करतो.