मदत हवी आहे: ऐकू न येणारी नायिका असलेले ॲक्शन थ्रिलर सुचवा

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. माझी भाची तेरा वर्षांची आहे, कानाला मशीन लावते आणि मारामारीचे सिनेमे म्हणजे तिचा जीव की प्राण. मागच्या रविवारी तिला 'इटर्नल्स' (२०२१) दाखवला. त्यातली मकारी वाऱ्याच्या वेगाने धावते आणि खुणांच्या भाषेत बोलते. ती भूमिका करणाऱ्या लॉरेन रिडलॉफ यांना प्रत्यक्षातही ऐकू येत नाही. हे कळल्यावर पोरीने तो प्रसंग चार वेळा मागे नेऊन पाहिला. पोह्यांची बशी तशीच गार झाली, तिची बोटं मात्र टेबलावर त्या खुणा करत होती. मला भरून आलं.

तर असे आणखी सिनेमे सुचवा ना. 'अ क्वाएट प्लेस' (२०१८) यादीत घेतलाय, त्यातल्या मिलिसेंट सिमंड्सलाही ऐकू येत नाही. पण तो भीतीपट जास्त. हिंदीत 'काबिल' (२०१७) आठवला. नायक अंध, पण भूमिका डोळस नटाची, शिवाय त्यातला अत्याचाराचा भाग या वयाला दाखवण्यासारखा नाही. मराठीत मला एकही आठवेना, याचं खरंच वाईट वाटतं.

दोन अटी: अपंग पात्र दयेसाठी किंवा नायकाला सूड घ्यायला कारण हवं म्हणून नको, ते स्वतः लढणारं हवं. आणि सबटायटल्स हवीतच, त्यांच्याशिवाय तिचे निम्मे संवाद सुटतात. ठाण्यात कुठल्या थिएटरात हिंदी-मराठी सिनेमे सबटायटल्ससह लागतात का, तेही कळवा. दिवाळीच्या सुट्टीत तिला मोठ्या पडद्यावर न्यायचंय.