किमोचं औषध आयफॉसफॅमाइड चढवल्यावर भाऊ बरळायला लागला. पुढची सायकल घ्यावी का?

मोगरा_कळी:
धाकटा भाऊ, वय 24, मांडीच्या हाडाचा ईविंग सार्कोमा (कॅन्सर). किमोच्या तिसऱ्या सायकलला आयफॉसफॅमाइड आणि इटोपोसाइड होतं. दुसऱ्या रात्री मला म्हणाला, "सलाइनच्या स्टँडवर मांजर बसलंय, हाकल ना." मी हसले. मग तो आईला काकू म्हणायला लागला, तेव्हा पोटात गोळा आला. ड्यूटीवरचे म्हणाले, झोप नाही म्हणून होतंय. सकाळी मोठ्या डॉक्टरांनी औषध बंद केलं, सीटी काढला (नॉर्मल), शिरेतून मिथिलीन ब्लू हे निळं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी स्वारी ठणठणीत, त्याला मांजर आठवतही नाही. आई म्हणते, आता किमोच नको. कोणाला भेटू, काय विचारू?

गोट्याचा_बाबा:
आमच्याकडे हिचं अगदी असंच झालं होतं. लघवी हिरवी-निळी झाली की घाबरू नका, ते मिथिलीन ब्लूमुळे. आम्ही रात्री बारा वाजता नर्सला उठवलं होतं! किमो मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सदाफुली:
गुळवेलाचा काढा द्या, डोकं शांत राहतं.

रात्रपाळी:
काढा कृपया नको, किमोच्या दिवसांत तर नाहीच.
ताई, मी किमो वॉर्डात नर्स आहे. आयफॉसफॅमाइड शरीरात मोडताना क्लोरोअॅसिटाल्डिहाइड तयार होतं, मेंदूवरच्या परिणामाचा मुख्य संशय त्याच्यावर आहे. सोबत देतात ते मेस्ना मूत्राशय वाचवतं, मेंदू नाही. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी किंवा किडनी मंद असेल तर धोका वाढतो, म्हणून किमोच्या आधीचे अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे (किडनीची तपासणी) रिपोर्ट काढून बघा. औषध थांबवलं की बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं, त्यामुळे निळ्या औषधाचं श्रेय किती, सांगणं अवघड. पण ते परत द्यायचं ठरलं तर दोन गोष्टी आधी सांगा: भाऊ एसिटालोप्रॅम, सर्ट्रालीनसारखी डिप्रेशनची गोळी घेतो का, आणि जी6पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता आहे का. दोन्हींत मिथिलीन ब्लू धोक्याचं ठरू शकतं. न विचारता झोपेची गोळी देऊ नका.
डॉक्टरांना विचारा: औषध जास्त तास हळू चढवता येईल का? बदली सायक्लोफॉस्फामाइड चालेल का?
आणि त्याच्याकडून रोज सकाळ-संध्याकाळ वहीत एक ओळ लिहून घ्या. अक्षर बिघडलं, शब्द सुटले, की लगेच नर्सला दाखवा. "झोप नाही" ऐकून परत फिरू नका.

कोकणकडा:
दुसरं मत हवं असेल तर टाटा मेमोरियलशी जोडलेल्या नव्या नावाच्या सेवेवर घरबसल्या रिपोर्ट पाठवता येतात. न्यूरोलॉजिस्टपेक्षा आधी सार्कोमा बघणारा ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरचा डॉक्टर) गाठा.

मोगरा_कळी:
रिपोर्ट काढले. अल्ब्युमिन 2.6! कोणी बोललंच नव्हतं. आहारतज्ज्ञांनी अंडी, पनीर लावलं. डॉक्टर म्हणाले, आयफॉसफॅमाइडच देऊ, पण सावकाश, आणि वॉर्डात लक्ष ठेवून. आई डॉक्टरांशी स्वतः तासभर बोलली, मग तयार झाली.
आज दुसरी रात्र. वहीत त्याने लिहिलंय, "डब्यात परत मुगाची खिचडी." अक्षर नेहमीसारखंच गचाळ आहे.