प्रादेशिक एआय परिषदेत स्थानिक डेटाची अट असावी का?

प्रस्ताव (निबंधपरीक्षक)

कोल्हापूर-सांगली परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘संशोधन आणि उद्योगातील कृत्रिम बुद्धिमत्ता’ अशा शीर्षकाच्या परिषदा आता नित्याच्या झाल्या आहेत. शीर्षकातला उद्योग निबंधांत मात्र क्वचितच भेटतो. ओतकामातील दोष संगणकाने ओळखण्याचा विषय घ्या. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक पट्ट्यात फाउंड्र्या, म्हणजे धातूचे ओतकाम करणारे कारखाने, हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही माझ्याकडे येणाऱ्या निबंधांत इंटरनेटवर मोफत मिळणारा छायाचित्रांचा एकच संच वारंवार दिसतो. त्यात सबमर्सिबल पंपाच्या इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चक्राची), वरून घेतलेली ७,३४८ लहान छायाचित्रे आहेत आणि ‘सदोष’ व ‘निर्दोष’ असे दोनच वर्ग आहेत. ती राजकोटजवळच्या एका कारखान्यातली आहेत. त्यावर ९९ टक्के अचूकता मिळवणे आज कठीण राहिलेले नाही, आणि त्या अचूकतेचा शिरोलीतल्या सिलिंडर ब्लॉकशी काही संबंधही नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा, की उद्योगविषयक सत्रात स्थानिक कारखान्याचा, शेताचा किंवा रुग्णालयाचा डेटा वापरलेलेच निबंध घ्यावेत, मग त्यांची संख्या पाचावर आली तरी चालेल.

प्रतिसाद १ (अध्यापिका, संगणक अभियांत्रिकी)

या अटीला माझा स्पष्ट विरोध आहे. डेटा देण्याचा अधिकार कारखान्याकडे आहे आणि शिक्षा मात्र विद्यार्थ्याला होणार, हा कुठला न्याय? आमचे विद्यार्थी तिसऱ्या वर्षी पत्र घेऊन औद्योगिक वसाहतीत जातात; बहुतेकांना फाटकावरूनच परत पाठवले जाते. खुला संच घेऊन एखादी पद्धत नीट शिकणे हे कमी प्रतीचे काम नाही. जगभरातील संशोधक सामाईक संचांवरच आपापल्या पद्धतींची तुलना करतात.

प्रादेशिक परिषदेचे खरे मोल प्रवेश सुलभ करण्यात आहे. २०१८ मध्ये माँट्रियल येथे न्यूरिप्स ही कृत्रिम बुद्धिमत्तेवरची मोठी जागतिक परिषद भरली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक संशोधकांना कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला होता. त्याआधीच, २०१७ मध्ये, जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात ‘डीप लर्निंग इंडाबा’ ही आफ्रिकेतल्या एआय संशोधकांची परिषद सुरू झाली होती. तिने आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांना आधी शिकण्याची आणि आपले काम मांडण्याची जागा दिली. पुढे २०२३ मध्ये आयसीएलआर ही याच क्षेत्रातली मोठी परिषद रवांडाच्या किगालीत भरली. दारातच चाळणी लावली असती, तर त्या खंडात एवढे मनुष्यबळ एकत्र आले असते का?

प्रतिसाद २ (फाउंड्री चालक)

अध्यापिकाबाईंचा फाटकाचा अनुभव खरा आहे. पण त्यामागचे कारणही ऐकून घ्यावे. आमच्याकडचे बरेचसे कास्टिंग (ओतीव भाग) वाहन कंपन्यांसाठी असते. त्याचे ड्रॉइंग ग्राहकाचे, आणि त्याचे छायाचित्र बाहेर देण्यास करारानेच मनाई असते. रिजेक्शनचे, म्हणजे बाद झालेल्या मालाचे, आकडे बाहेर गेले, तर पुढच्या दरचर्चेत ते आमच्याच विरोधात वापरले जातात.

दुसरे म्हणजे, कॅमेऱ्याने दोष ओळखण्यात आम्हाला दुय्यम रस आहे. ब्लोहोल (वायू अडकून पडलेले छिद्र) दिसेपर्यंत धातू वितळवण्याची वीज खर्च झालेली असते. दोष का झाला, हे आम्हाला हवे आहे: साच्याच्या वाळूतला ओलावा, तिची वायुपारगम्यता (तिच्यातून वायू किती सहज निघतो ते), साच्याचा कठीणपणा, ओतताना रसाचे तापमान, आणि पाळी कोणती होती. यातल्या बऱ्याच नोंदी आमच्याकडे वर्षानुवर्षांच्या आहेत, फक्त त्या रजिस्टरमध्ये हाताने लिहिलेल्या आहेत. ओलाव्याच्या नोंदीत तर कधीकधी सकाळचाच आकडा दिवसभर उतरवलेला असतो, हेही सांगून टाकतो. आजवर एकाही आयोजकाने या नोंदी मागितलेल्या नाहीत. निमंत्रण येते ते प्रायोजकत्वाचे आणि दीपप्रज्वलनाचे.

प्रतिसाद ३ (निबंधपरीक्षक)

इंडाबाचे उदाहरण माझ्या विरोधात जात नाही, असे मला वाटते. तिथला भर व्याख्याने, प्रात्यक्षिके आणि भित्तिपत्रांवर असतो; शुल्क भरून निबंध छापून घेणे हा तिचा पाया नाही. आपल्याकडे नेमके तेच होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.साठी निबंध प्रकाशनाची सक्ती नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढून टाकली. तरीही बढती, मूल्यांकन आणि महाविद्यालयाची क्रमवारी यांसाठी छापील संख्येची भूक कायम आहे. २०२२ मध्येच आयओपी या प्रकाशन संस्थेने परिषदांतील ४९४ निबंध संशयास्पद ठरवून एकदम मागे घेतले, ही या भुकेची दुसरी बाजू.

सामाईक संचावर तुलना जरूर करावी. पण निबंधाच्या शेवटी ‘ही प्रणाली उद्योगात वापरता येईल’ असे वाक्य टाकू नये. शंभरात चारच कास्टिंग सदोष असतील, तर सगळ्यांना निर्दोष म्हणणारी प्रणालीसुद्धा ९६ टक्के अचूक ठरते. सदोषांपैकी किती निसटले, हा आकडा मी तपासलेल्या निबंधांत मला मुद्दाम मागावा लागतो.

प्रतिसाद ४ (अध्यापिका)

निसटलेल्या दोषांचा आकडा सक्तीचा करा, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे; त्यासाठी कोणाच्या फाटकावर जावे लागत नाही. स्थानिक डेटाची अट मात्र मला अजूनही अमान्य आहे. या अटीने परिषद ओळखीपाळखी असलेल्या दोन-तीन विभागांपुरती उरेल, आणि कारखानदाराच्या मुलाचा प्रकल्प आपोआप ‘उद्योगाभिमुख’ ठरेल.

फाउंड्री चालकांना माझी विनंती आहे. ग्राहकाचे नाव, भागाचे चित्र आणि एकूण उत्पादन वगळून केवळ वाळूच्या नोंदी व त्या दिवशीचे दोषप्रकार एवढेच देता येईल का? रजिस्टर संगणकावर उतरवण्याचे काम आमचे विद्यार्थी कारखान्यातच बसून करतील.

प्रतिसाद ५ (फाउंड्री चालक)

वाळूच्या नोंदी देता येतील. दोषप्रकारही देईन, पण ते टक्केवारीत. नगसंख्या देणार नाही. निबंध छापण्याआधी मला वाचायला मिळाला पाहिजे, आणि निष्कर्ष आमच्या मोल्डिंग (साचे बनवणाऱ्या) विभागाच्या पर्यवेक्षकासमोर मराठीत मांडला पाहिजे, कारण वाळू तो सांभाळतो. या अटी मान्य असतील, तर परिषदेची वाट कशाला पाहायची? पावसाळ्याआधी या, कारण पावसाळ्यात ओलाव्याचे आकडे सगळ्यात जास्त हलतात आणि तेव्हाच्या नोंदी तुमच्या देखत झालेल्या बऱ्या.